कडूबाईची घोंगडी

शके १८३४, पौष शुद्ध चतुर्थी, शनिवार

आले बाई एकदाची लेकीच्या घरी! वडवणीहून गाडीनं निघालो, वाटेत एक मुक्काम पडला, अन् केजच्या अलीकडं चाकाची खीळ पडली म्हणून बाभळीखाली तिष्ठत बसलो ते येगळंच. हाडं नुसती खिळखिळी झाली. पर गाडी वेशीत शिरली अन् माझी सत्यभामा पदर सावरत पळत आली, तवा सगळा शीण उतरला.

आधी ही वही कुठून आली ते लिहिते, मंग बाकीचं. मी काय शिकलेली न्हाई. मालक पोथी वाचायचे, मी शेजारी बसून ओळीवर बोट फिरवायची, तेवढ्यावर अक्षरं आली. काना-मात्रा चुकला तर सावरून घ्यावा. जावई अर्जुनराव लई थट्टेखोर. मी सकाळी आले अन् दुपारच्या जेवणाला ते म्हणले, मामी, तुमी आल्यापासून या घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला फुरसतच न्हाई, थोडं कागदालाबी सांगत जावा. मला वाटलं थट्टा. तर खरंच चार कागद दुमडून दोऱ्यानं शिवून हातात दिले, वर बोरू अन् दऊत. मी म्हणले, असा जावई नशिबानं मिळतो. सत्यभामा म्हणली, माय, त्यांना दुपारी निजायचं होतं.

असू दे. मी आलेय कुणासाठी, तर माझ्या नातीसाठी. साखरा तिचं नाव, सहावं सरत आलं. पहिलं बाळंतपण म्हायेरीच व्हतं, तशी ती माझ्याच घरी जन्मली. नाळ सुईणीनं कापली, पर पहिली आंघोळ मी घातली, पहिली घुटी माझ्या हातची. पायावर घेऊन न्हाऊ घालताना ती माझ्याकडंच टकामका बघायची. पाच महिन्यांची झाली अन् घेऊन गेले. त्यानंतर कधी जत्रंला, कधी कुणाच्या लग्नात, एवढंच दर्शन. आता शिवरात्रीपतुर ऱ्हायचं ठरवून आलेय.

मी हात पसरले तर ती कुठं गेली? आपल्या मोठ्या मायच्या लुगड्यामागं. मोठी माय म्हणजे माझी इहीण, अर्जुनरावांची आई. नाव कडूबाई. आधीची लेकरं जगली न्हाईत म्हणून तिच्या आईनं मुद्दाम कडू ठेवलं, म्हणजे यमाला तोंडात घालावी वाटू नये. बाई उंच, हडकुळी, बोलणं तुटक. माझी साखर, अन् चिकटलीय त्या कडूला! मी हसून म्हणले, इहीणबाई, मुंगी कशी गुळाला सोडून कारल्याला लागली? सगळे हसले. कडूबाई हसली न्हाई. म्हणली, कारलं औषधाला असतं.

पौष शुद्ध पंचमी, रविवार

आज भोगी. तीळ लावून बाजरीच्या भाकरी मी थापल्या. वांगं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरं, सगळं एकत्र करून भाजी. अर्जुनराव चार भाकरी खाऊन उठले अन् म्हणले, मामी, तुमी बोलता तेवढं माफ. सत्यभामानं पोटभर खाल्लं. साखरानं माझ्या हातचा एक घास घेतला, अन् दुसरा मागायला मोठ्या मायकडं वळली. घास माझ्या भाकरीचाच व्हता हो! पर भरवणारा हात तिला तोच पाहिजे.

दुपारी गंमत बघितली. कडूबाईची एक काळी घोंगडी हाय, मेंढक्याकडून मुद्दाम विणून घेतलेली. ओसरीवर खांबाजवळ ती अंथरते अन् दुपारी घटकाभर पाठ टेकते. साखरा तिच्या कुशीत. तान्ही व्हती तवापासून असंच, म्हणे. दोघी एका तालात श्वास घेतात. मी समोर निवडत बसले व्हते. तांदूळ निवडायला घेतला अन् खडे तांदळात अन् तांदूळ खड्यात टाकत ऱ्हायले.

वडवणीच्या शिंप्याकडून हिरवा परकर शिवून आणलाय तिला. तो बघून मात्र पोरगी नाचली. अंगाला लावला, गिरकी घेतली. मी म्हणले घाल. कडूबाई म्हणली, उद्या सणाला घाल. पोरीनं मुकाट घडी घातली. एका शब्दात! मला सहा वर्षं मिळाली असती तर माझ्याबी एका शब्दात घातली असती.

पौष शुद्ध सप्तमी, मंगळवार

काल संक्रांतीला लिहायचं ऱ्हायलं. सकाळपासून साखराचं अंग कोमट व्हतं. तिळाचा लाडू हातात घेतला अन् तसाच ठेवला. परकर घातलाच न्हाई. संध्याकाळी अंग असं तापलं की हात ठेववंना. मी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, माझीच नजर लागली आसंल म्हणून.

आज केजहून हकीम आले. म्हातारा माणूस, गोड बोलणारा. नाडी धरली, जीभ बघितली, पोट चाचपलं. म्हणले मुदतीचा बुखार हाय, मुदत सरल्याशिवाय सुटणार न्हाई. पेज द्या, पाणी उकळून द्या, दवा द्या, बाकी मालिकची मर्जी. अर्जुनरावांची थट्टा कुठल्या कुठं गेली. सत्यभामा चुलीपुढं बसली ती बसलीच.

मी उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवते. ती डोळे मिटून मोठी माय, मोठी माय करती. मी म्हणते, आज्जी हाय ना बाय. ती मान वळवती.

पौष शुद्ध नवमी, गुरुवार

कडूबाईला सपान पडलं.

दुपारी ती घोंगडीवर निजली व्हती, एकटीच. दचकून उठली, तळहात लुगड्याला पुसले अन् सरळ साखराजवळ जाऊन तिच्या तळपायाला हात लावला. मंग सांगितलं. म्हणली, पोरगी नटून-थटून ओढ्याकडच्या वाटंला लागलेली दिसली. मी मागून हाका मारल्या, थांबंना. मंग ढेकळं मारली. वेणीला धरून वढली. रडली, वरडली, मला चावली, पर माघारी आणून घरात टाकली.

मला वाटलं आता सत्यभामा ऊर बडवंल. तर तिनं सासूचे पाय धरले! मंग उमगलं. सपान उलटं धरायचं असतं, हे आमच्याकडंबी हाय. आजारी माणूस सपानात रडताना दिसलं तर बरं, हसताना दिसलं तर वंगाळ. मेलेलं दिसलं तर आयुष्य वाढलं. नवं कापड, गोडधोड, गाडीत बसणं, हे काही चांगलं न्हाई. म्हणजे रडत माघारी आली तर ब्येस झालं.

अन् खरंच, दिवस कलताना ताप जरासा उतरला. मी सकाळपासून घातलेल्या घड्या कुणाला दिसल्या न्हाईत.

पौष शुद्ध एकादशी, शनिवार

आता रोजचंच झालंय. कडूबाई दुपारी निजती, उठती, अन् गल्लीतल्या बाया ओसरीवर येऊन बसत्यात. काय दिसलं हो, काय दिसलं? जणू तहसीलदाराची कचेरी भरली. काल पोरगी ओढ्याच्या काठापतुर गेलती, आज पाण्यात एक पाय घातला व्हता. कडूबाई रोज मारून-झोडून आणती. म्हणती, मी तिला तोंडच उघडू देत न्हाई, काही बोलायच्या आत धरते. असं बोलायला जीभ कशी रेटती बाईची? सपानात का व्हईना, लेकरूच हाय ना ते!

अन् माझी लेक, माझ्या पोटची लेक, उठल्या उठल्या तिला इचारती, मामी, आज काय दिसलं? मला एकदाबी इचारत न्हाई, माय, तुला काय दिसलं.

मला काय दिसतं ते लिहिते, कुणी हसू नये. परवा दिसली वडवणीच्या बाजारातली भजी. काल दिसला आमचा ढवळ्या बैल, मेला त्याला दहा वर्षं झाली, तो मला सांगत व्हता पेंड कमी घालती म्हणून. मी पोरीचं नाव घेऊन निजते, तिचं झबलं उशाशी घेऊन निजते, अन् बैल येतो!

आज न ऱ्हावून कडूबाईला इचारलं. म्हणले, इहीणबाई, लेकरू तुमच्याच सपानात का म्हणून येतं? रगत माझंबी हाय. तर म्हणली, ती माझ्या सपानात येत न्हाई, मी तिच्या वाटंवर जाते. या घोंगडीवर सहा वर्षं निजली ती, वाट हितनंच हाय. मी हसतच म्हणले, मंग एक दिवस द्या मला उसनी. ती म्हणली, उसनं द्यायला ते काय पीठ हाय का बाई? अन् उगं मऊ मनाच्या माणसाचं ते काम न्हाई.

मऊ मनाच्या! म्हणजे माया करणं हासुदीक दोषच झाला. रागानं मला भाकर गेली न्हाई. तशी गेली, पर चव लागली न्हाई.

पौष शुद्ध त्रयोदशी, सोमवार, सकाळी

कडूबाई अन् अर्जुनराव गाडी जुंपून आंब्याला गेले. सरकारी कागदात मोमिनाबाद लिहित्यात, पर जोगाईचं आंबं ते आंबंच. देवीला ओटी भरून उद्या येणार. जाताना कडूबाईनं घोंगडी गुंडाळून माळ्यावर ठेवली अन् सत्यभामाला सांगितलं, मी येईपतुर हिच्यावर कुणी निजू नये. सांगितलं लेकीला, बघितलं माझ्याकडं.

सोमवारीच, दिवस कलताना

दिसली! दिसली गं बाई, मला दिसली!

लपवत न्हाई. सत्यभामा पाण्याला गेली, साखराला ग्लानी व्हती. मी माळ्यावरनं घोंगडी काढली अन् खांबाजवळ अंथरली. लोकरीला तिच्या केसांचा वास येत व्हता. मनात म्हणले, मी काय ढेकळं मारणारी न्हाई. मी मायेनं बोलावते, बघू येती का न्हाई.

डोळा लागला अन् हीच ओसरी दिसली, हेच ऊन. पायरीवर साखरा उभी. ताप न्हाई, काही न्हाई, गाल भरलेले, अंगात माझा हिरवा परकर! मी आणलेला! माझ्याकडं बघून इतकी गोड हसली की काय सांगू. इकडं तिकडं बघत न्हाई, मोठी माय म्हणत न्हाई, माझ्याकडंच बघती. अन् म्हणली, आज्जे, येते हं मी.

मी दोन्ही हात पसरले. म्हणले, ये गं माझी बाय, ये.

तिनं मान हलवली. तोरड्या वाजवत पळाली. दारानं फिरून आत येतीय असं वाटलं, तवर जाग आली. हात तसेच पसरलेले.

घोंगडी गुंडाळून जिथल्या तिथं ठेवली. पोरीच्या कपाळाला हात लावला तर घाम! ताप उतरलाय! सत्यभामा आली तशी तिला मिठी मारून सांगितलं, कडूबाईला मारून-झोडून जे चार दिवसांत जमलं न्हाई ते मला एका हाकेत जमलं. माझ्याकडं येते म्हणली गं, माझ्याकडं! सत्यभामा रडत रडत हसली. हसताना दिसली का माय, म्हणून इचारलं तिनं. मी म्हणले, जरा हसली, पर ते मला बघून हसली, ते येगळं.

पौष शुद्ध चतुर्दशी, मंगळवार

साखरा उठून बसली. अंग गार, डोळे टवटवीत. मायला म्हणली, परकर घाल मला. घातला.

मी पेजंची वाटी घेऊन गेले. म्हणले, आ कर बाय. तिनं वाटीकडं बघितलं अन् किंकाळी फोडून मायला बिलगली. म्हणली, माय, वाटी आपोआप येतीय.

मी हसले. म्हणले, अगं मी हाय ना, आज्जी. ती माझ्या तोंडावरनं नजर फिरवून भिंतीकडं बघत ऱ्हायली, जशी मी मधी न्हाईच. मी हात धरला तर झटकून चोळत बसली, माशी बसल्यावानी. मायला इचारलं, आज्जी कुठं गेली?

सत्यभामा म्हणली, अशक्तपणा हाय, दिसत नसंल नीट. पर चुलीवरची मांजर दिसती तिला. आढ्यावरची पाल दिसती.

तिसऱ्या प्रहरी गाडी आली. कडूबाई पायरीवर पाय ठेवायच्या आत थांबली, परकरातली पोर बघून. पोरगी मोठी माय म्हणून धावली! तिला वळखलं! मला न्हाई! मंग मला सगळं ध्यानात आलं. आठ दिवस त्या बाईनं कानात काय काय भरलं आसंल माझ्याबद्दल.

मी सरळ सांगितलं. होय, निजले मी तुमच्या घोंगडीवर, अन् माझ्या सपानानं ताप उतरला. कडूबाईनं आरडाओरड केली न्हाई. खाली बसली. इचारलं, पोरगी काय म्हणली? मी म्हणले, येते म्हणली. इचारलं, तोंड इकडं व्हतं का तिकडं? मी म्हणले, हसली तवा इकडं, मंग पळाली. इचारलं, अन् तुमी काय म्हणला? मी म्हणले, ये म्हणले. दुसरं काय म्हणणार?

कडूबाई लई हळू बोलली. म्हणली, इहीणबाई, घरातनं बाहेर पडताना आपून काय म्हणतो? कुणी जाते म्हणतं का?



म्हणली, येते म्हणतो. अन् घरातलं माणूस म्हणतं, ये. तिनं निरोप मागितला, तुमी दिला. म्हणून तोंड उघडू देत नव्हते मी.

जळती बाई. माझ्यावर जळती. दुसरं काही न्हाई.

पौष पौर्णिमा, बुधवार

आज दिवसभर साखरा उंबऱ्यात बसली. खात न्हाई. सत्यभामानं आग्रह केला तर म्हणली, भूक न्हाई, तिकडं जेवले. तिकडं म्हणजे कुठं? तर बोट ओढ्याकडं.

हकीम आले. नाडी बघितली, पुन्हा बघितली, दुसऱ्या हाताची बघितली. बुखार न्हाई म्हणले. पैसे घेतले न्हाईत. पानसुद्धा खाल्लं न्हाई.

कडूबाईनं सगळ्यांना बजावलं, पोरगी येते म्हणली तर ये म्हणायचं न्हाई. तोंडातनं हूं बी काढायचा न्हाई. अर्जुनराव म्हणले, आई, लेकरू बरं झालंय, उगं कशाला. ती दुपारी घोंगडीवर निजली. निजली कसली, डोळे उघडे ठेवून पडून ऱ्हायली. झोप येईना. म्हणली, वाट मोडली कुणीतरी.

मी पोरीपुढं बसून सगळी गाणी म्हणले, अंगठ्याचं बुजगावणं करून दाखवलं. ती माझ्यातनं पलीकडं कडूबाईकडं बघून हसत व्हती.

कडूबाईकडं वळलेलं तिचं ते हसरं तोंड बघून माझी आग झाली. लिहिते ते खरं लिहिते. आग झाली.

पौष वद्य प्रतिपदा, गुरुवार

अर्जुनराव शेतात निघाले व्हते. ज्वारीला पाखरं पडल्यात म्हणून घाईत. बैल जुंपताना पाठमोरे. साखरा उंबऱ्यातनं म्हणली, बा, येते हं.

त्यांनी मागं न बघता म्हणलं, ये बाळा.

दोर हातातनं गळाला त्यांच्या. कळलं. लगेच कळलं. पळत आले, पोरीला उचललं. ती हवेत हात पाय झाडून किंचाळायला लागली. म्हणली, मोठे माय, मला कोण उचलतंय? कोण हाय हे? खाली ठेवली तवा गप बसली. मंग मायला इचारलं, बा शेतात गेला का?

ते समोर उभे व्हते. समोर.

कडूबाई म्हणती ते खोटं न्हाई मंग. ज्याच्याकडनं निरोप घेती, त्याला ती दिसत न्हाई—चुकलं—तिला तो दिसत न्हाई.

म्हणजे मी पहिली. मी दिला पहिला.

पौष वद्य द्वितीया, शुक्रवार

सत्यभामानं तोंडात पदराचा बोळा घातलाय कालपास्नं. पाणी पिताना तेवढा काढती.

कडूबाई निजायला बघती, झोप येत न्हाई. हळदीचं दूध दिलं, पाय चेपले. मी चेपले तिचे पाय. तिनं चेपू दिले. काही बोलली न्हाई, हे लई लागलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी—चूल पेटंना. सत्यभामानं बोळा काढला, फुंकणी तोंडाला लावली. धुरानं डोळं मिटलेले. मागनं बारका आवाज, माय, येते गं.

फुंकणीतनंच म्हणली ती. ये.

सवय हो. जन्माची सवय. शेजारीण उठली तरी म्हणतो, पाव्हणा उठला तरी म्हणतो. म्हणायच्या आधी कुठं इचार करतो आपण—

सत्यभामा आता बोलत न्हाई. पोरीपुढं बसती, पोरगी तिच्या अंगावरनं चालत जाती.

पौष वद्य तृतीया, शनिवार

आता एकटी कडूबाई उरली. साखराला या घरात एकच माणूस दिसतं. तिचं बोट धरून बसती. दहादा म्हणती, मोठे माय, येते की गं. कडूबाई दात दाबून गप. इतकं गप ऱ्हाणं माझ्यानं झालं नसतं.

पोरीचे पाय घोट्यापतुर ओले व्हतात. घरात पाणी सांडलेलं न्हाई. पुसले की पुन्हा ओले. वाळू लागलेली असती बोटांत.

तीच एकटी दिसती तिला. मी अजून तेच मोजते. एवढं झालं तरी तेच.

त्याच दिवशी, दुपारी

कडूबाईच्या डोळ्यांवर झोप आली. आपोआप. म्हणली, वाट लागली हाताला.

अर्जुनराव सत्यभामाला घेऊन गोठ्यात बसले. तिला बघवणार न्हाई. मला कडूबाईनं हितं बसवलं. म्हणली, तुमाला ती दिसत—तुमी तिला दिसत न्हाई, म्हणून तुमच्याकडं काही मागणार न्हाई. परकराचा काठ धरून बसा. मी मारीन, वढीन. वळ उठतील अंगावर, रडंल. रडू द्या. रडली म्हणजे माघारी येतीय. मला मात्र उठवू नका. मधीच उठवलं तर माझा हात सुटंल, मंग तिच्यासाठी तिकडं कुणी न्हाई. अन् तोंड उघडू नका इहीणबाई, पाया पडते. बोलावंसं वाटलं तर वहीत लिहा.

म्हणून लिहिते. एका हातात काठ, एका हातात बोरू.

निजली. घोरती. पोरगी तिच्या उशाशी बसलीय, गप.

परकर भिजायला लागला. गुडघ्यापतुर.

कडूबाई झोपेत वरडली, फिर माघारी! पोरगी दचकली.

कमरंपतुर ओला. जड लागतो काठ.

दंडावर वळ उठला. कुणी मारलं न्हाई, आपोआप उठला. चार बोटं. कडूबाईची मूठ आवळलेली हाय.

वेणी मागं ताणली गेली. मान वाकडी झाली लेकराची. रडायला लागली—रडली! देवा, रडली—अंग कोमट लागतंय, पाय कोमट—येतीय माघारी—

रडती. लई रडती. मला बघवत न्हाई. लिहिते. लिहिते. दुसरा वळ गालावर. कडूबाई, हळू गं बाई, हळू—

तिनं मान वळवली.

माझ्याकडं बघती.

माझ्याकडं. पलीकडं न्हाई, भिंतीकडं न्हाई. डोळ्यात डोळा घालून. आज्जे म्हणली.

आज्जे, कुठं व्हतीस तू म्हणली.

मी तोंड दाबून धरलंय. काठ सुटला हातातनं, पुन्हा धरला. हात पसरलेत तिनं, तान्ही व्हती तवा पसरायची तसे. मोठी माय मारती म्हणती, आज्जे, तिला उठीव. तिला उठीव, मंग मी तुझ्याच कुशीत निजते. तुझ्याजवळच ऱ्हाते. तिच्याजवळ कधीच न्हाई—

उठवू नका म्हणलीय. सांगितलंय मला. ठाऊक हाय मला—

पर गाल सुजलाय—अन् हात माझ्याकडं पसरलेत, कडूबाईकडं न्हाई, माझ्याकडं, सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं—एकदाच हलवीन—नुसता खांद्याला हात लाव